चिठ्ठी नसलेला डबा

पुणे स्टेशनात गाडीत बसले तेव्हा माझ्याजवळ सामानाचे सहा डाग होते आणि सहाही डागांवर चिठ्ठी होती. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि तीन पितळी डबे. डब्यांवर स्वच्छ अक्षरात लिहिले होते : 'चिरोटे, नग चोवीस', 'बेसनाचे लाडू, नग तीस', 'शेव, तिखट'. अनू आणि शिरीष, हे वाचून तुमची आई हसेल. तिच्या लहानपणी मी मिठाच्या बरणीलासुद्धा चिठ्ठी लावीत असे. "आई, मीठ पांढरंच असतं गं," असे ती म्हणे. "साखरही पांढरीच असते," हे माझे ठरलेले उत्तर.

तुम्ही टोरांटोहून विचारलेत, आजी दसऱ्यानंतर कुठे गेली होती? मी बुलढाणा जिल्ह्यात गेले होते. जळगाव जामोदच्या थोडे पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी एक गाव आहे, तिथे माझी धाकटी बहीण मंदा राहते. तुम्ही तिला पाहिलेले नाही. खरे सांगायचे तर मीही तिला एकोणीस वर्षांत पाहिले नव्हते. तिचे लग्न झाले तेव्हा तो मुलूख वेगळ्या प्रांतात होता. आता पुणे आणि तिचे गाव एका राज्यात आले, तरी आम्हा दोघींतले अंतर होते तेवढेच राहिले. यंदा तिचे कार्ड आले. त्यात दोनच वाक्ये : 'कोजागिरीला ये. आपण दोघी आता किती दिवसांच्या?'

तुमचे आजोबा गेल्यापासून मी रोज संध्याकाळी खुर्ची खिडकीशी ओढून दिवसाचा आढावा घेत बसते. दिवसात फारसे काही घडत नाही, म्हणून विचार मागे मागे जातो आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडतो. ती जागा तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचे समजेल.

मी कॉलेजात होते आणि मंदा नुकतीच मॅट्रिक झाली होती. बाबांनी मला बाजूला बोलावून विचारले, "मंदीला पुढे शिकवावं का?" मी म्हटले, "तिचा जीव अभ्यासात नाही." हे खोटे होते. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती, आणि मला ते सहन होत नव्हते. बाबांचा माझ्या शब्दावर विश्वास होता. मार्गशीर्षात मंदाचे लग्न झाले. आपले शिक्षण बाबांनी तोडले अशी समजूत करून ती त्यांच्यावर रुसली. बाबा अखेरचे आजारी पडले तेव्हा मी तार केली. ती आली नाही. आणि तेव्हासुद्धा मी खरे काय ते कुणाला सांगितले नाही.

ते आता सांगायचे, एवढ्यासाठी मी निघाले होते. सांगितल्यावर बहीण राहील की जाईल, हे मला माहीत नव्हते.

भुसावळला गाडी बदलली आणि सकाळी उशिरा नांदुरा स्टेशनात उतरले. समोरच्या टपरीवर चहा घेतला. पहिल्याच घोटाला तोंड वाकडे झाले, कारण चहा खारट होता. मी चहावाल्याला म्हटले, "साखरेऐवजी मीठ पडलं का हो?"

"मीठ नाही बाई, पानी खारं हाय," तो म्हणाला. "पूर्णामायच्या दोन्ही कडेनं असंच. आमाले तं पुन्या-मुंबईचा चहाच फिका लागते."

तिथून एस. टी. मिळाली. शेजारी एक बाई मांडीवर केळीचा घड घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझे सामान नीट पाहून घेतले.

"कोनाच्या घरी चालल्या?"

"बहिणीकडे. धाकट्या."

"किती वर्सानं?"

मला खोटे बोलता आले असते. "एकोणीस," मी म्हटले.

घडातली दोन केळी तोडून त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "खाऊन घ्या. रिकाम्या पोटी जीव लय घाबरते."

पूर्णेचा पूल ओलांडला आणि पुढचा देखावा पाहून मी केळे सोलायचे विसरले. जमीन इतकी सपाट मी कधी पाहिली नव्हती. आपल्याकडे नजर जरा पुढे गेली की डोंगर आडवा येतो. इथे ती जात राहते. काळी माती, त्यावर ज्वारीची डोक्याइतकी उंच शेते, मध्ये मध्ये कपाशीची पहिली बोंडे फुटलेली. आणि या सगळ्याच्या उत्तरेला, आधी ढग वाटावा अशी एक निळी रेघ. बस पुढे गेली तशी ती रेघ उंच होत गेली. हा सातपुडा. सगळे आयुष्य मी त्याचे नाव शाळेत शिकवीत आले होते. नकाशावर काठी ठेवून 'पूर्व-पश्चिम पसरलेला' असे सांगत आले होते. आता तो समोर आला तेव्हा मला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडलेही. शेजारच्या बाईंना त्यात नवल वाटले नाही.

जळगाव जामोदच्या स्टँडवर मंदाचे यजमान, नारायणराव, दमणी (बसायची छपराची बैलगाडी) घेऊन आले होते. घरची शेती करणारे, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. माझ्या डागांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून वाचल्या, बैलांकडे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "ताई, बैलायलेही चिठ्ठ्या लावाव काय? डावा अन उजवा?"

मंदा दारातच उभी होती. केस पांढरे, हात रापलेले, आवाज मात्र तोच. "आली का वं ताई? काऊन एवढी वाळली? तिकडं कोनी जेवाले देते का नाही?" शनिवार पेठेत वाढलेल्या माझ्या बहिणीच्या तोंडी ती बोली ऐकून मी चकित झाले. त्यात नाटक नव्हते. ती भाषा तिची झाली होती, जशी ती माती तिची झाली होती.

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची), हिरव्या मिरच्यांची भाजी आणि ताक होते. भाजीने माझ्या डोळ्यांत पाणी आले. वर पाणी प्यायले तर ते गोड! डोंगराच्या पायथ्याच्या विहिरींना गोड पाणी लागते. खालच्या गावांतले लोक गाडीवर पिंपे घालून येतात, आणि मंदाच्या मळ्यातल्या विहिरीवर कुणालाच अडवत नाहीत.

संध्याकाळी माझी फजिती झाली, ती सविस्तर सांगते.

वऱ्हाडात या महिन्यात मुली भुलाबाई बसवतात. भुलाबाई म्हणजे पार्वती. ती महिनाभर माहेरी येते, अशी कल्पना. मातीची रंगवलेली भुलाबाई आणि तिचे भुलोजी कोनाड्यात मांडतात. दिवेलागणीला मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत (प्रसाद) वाटतात. पण खिरापत अशीच मिळत नाही. ती झाकलेल्या डब्यात आणायची, डबा हलवून आवाज ऐकवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचे. सगळ्या हरल्या तरच झाकण उघडते.

मंदाची नात कमळ, वय वर्षे दहा, मोठ्या अभिमानाने म्हणाली, "आज पुन्याच्या आजीची खिरापत!" मी माझा डबा आणून मध्ये ठेवला. बारा मुली पुढे सरकल्या. एकीने हात घातला, तोच दुसरी मोठ्याने वाचू लागली, "चि-रो-टे. नग. चो-वी-स."

मग कमळ रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजी, तुमी तं सारं लिहूनच आनलं! आता आमी काय ओळखाव?"

"हे माही बहीन, पोरींनो," मंदा पदर तोंडाला लावून म्हणाली. "हे देवालेही पोच मागंन." सगळ्या हसल्या, मीही हसले. चिरोटे बारा तोंडांत नाहीसे झाले. पण त्या पहिल्या क्षणाची त्यांची निराशा माझ्या मनातून जाईना. वस्तू त्यांना मिळाली होती, तरी त्यांचे काहीतरी मी काढून घेतले होते.

दोन दिवस असेच गेले. मी मंदाच्या मागे मागे हिंडत होते. गोठ्यात सांगू म्हणून गेले, तर शेजारीण आली. विहिरीवर तोंड उघडले, तर पाण्याच्या गाड्या आल्या. त्या घराला दार आहे, पण ते लावलेले मी पाहिले नाही. कुणीही येते, वांगी ठेवून जाते, मिरच्या घेऊन जाते. गावात कुणाला पत्र आले तर ते मंदा वाचून दाखवते. दुपारी ओसरीवर चार बाया पाटी-पेन्सिल घेऊन तिच्याकडे लिहायला शिकतात. पुण्यात माझ्या दाराला दोन कड्या आणि एक कुलूप आहे. हे मला सारखे आठवत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच अंगणात लाल मिरच्यांची देठे खुडत बसलो होतो. मी सांगितले. किती शब्दांत सांगायचे ते मी गाडीत ठरवले होते, त्याहून कमी शब्दांत झाले.

मंदाचा हात थांबला. तिने विचारले, "तू असं म्हणालीस? बाबांना?"

ते वाक्य शनिवार पेठेतले होते. 'मले-तुले' सगळे गळून पडले होते. समोर सोळा वर्षांची मंदी बसली होती.

"हो," मी म्हटले.

"मग बाबांनी काहीच केलं नव्हतं?"

"त्यांनी माझं ऐकलं, एवढंच."

ती उठली. मिरच्यांचे सूप भिंतीशी ठेवले आणि घरात गेली. त्या संध्याकाळी तिने मला वाढले, पण माझ्याकडे पाहिले नाही. मी ट्रंक भरायला घेतली.

सकाळी उठले तेव्हा ती मळ्यात निघून गेली होती. नारायणराव ओसरीवर पान लावत होते. "राग आला का ते महादेवाच्या टेकडीवर जाऊन बसते," ते म्हणाले. "माह्यावर आला तरी तिथंच जाते. जा तुमी. पन बांधावरून जा. वावरात पाय नोका घालू."

मी वावरातून गेले, कारण रस्ता सरळ दिसत होता. आदल्या आठवड्यातल्या पावसाने ती काळी माती अजून ओली होती. दहा पावलांत माझ्या चपलांना शेर-शेर मातीचे गोळे चिकटले, विसाव्या पावलाला उजवी चप्पल आत गेली आणि परत आलीच नाही. मी एका पायावर उभी राहिले. सात भाषणांना पुरेल एवढे इंग्रजी मला येते, पण त्या क्षणी "अगं मंदे!" एवढेच सुचले.

ती टेकडीवरून पाहतच होती. खाली आली, माझा दंड धरला, आणि मला ओढून बांधावर काढले. मग दोघी हळूहळू वर गेलो.

वर महादेवाची लहानशी घुमटी आहे. मागे सातपुडा, आता निळा नव्हे तर हिरवा, एकामागे एक चढत गेलेला. समोर खाली पूर्णेचे सगळे खोरे. ऊन नुकते वर आले होते. शेकडो शेते, मधून धुराच्या बारीक रेघा, एक बस मुंगीसारखी चाललेली. इतके मोठे काही पाहिले की माणसाला आपण लहान वाटतो, असे म्हणतात. मला वेगळेच वाटले. एवढ्या उघड्यावर माझे चाळीस वर्षांचे लपवणे किती हास्यास्पद आहे, असे वाटले. मी रडले. तुमचे आजोबा गेले तेव्हाही मी कुणासमोर रडले नव्हते.

मंदाने मला रडू दिले. मग म्हणाली, "बाबा शेवटी काय करायचे गं?"

"पायरीवर बसायचे. चुरमुऱ्यांची वाटी घेऊन."

मुलांनो, हे तुम्हाला माहीत नाही. आमचे बाबा कचेरीतून आले की डब्यात चुरमुरे घेत, त्यात गुळाचा एकच खडा टाकीत, आणि डबा आम्हा दोघींपुढे ठेवीत. खडा जिला सापडेल तिने तो तोडून दुसरीला अर्धा द्यायचा, असा नियम होता. मंदाला सापडला की ती ओरडून सांगे. मला सापडला की मी तो गालात लपवीत असे.

"शेवटपर्यंत खडा टाकत होते," मी म्हटले. "पण खात नव्हते. वाटी तशीच माझ्या हाती परत देत."

मंदा खाली खोऱ्याकडे बघत राहिली. मग बोलली, ती पुन्हा आपल्या बोलीत. "बाबाले मी किती बोल लावले वं ताई. भांडे घासता घासता लावले, भाकरी थापता थापता लावले. ते आता माघारी कसे घेऊ?"

मी पायाची ओली माती काडीने खरवडू लागले.

"शिकली असती तं मी काय झाली असती?"

"प्रोफेसर. गणिताची."

"अन ह्या मिरच्या कोन लावल्या असत्या, तू?" ती किंचित हसली. मग लगेच गंभीर झाली. "तुले माफ केलं, असं मी आज म्हनत नाही. जीवावर येते. पन घरी चाल. एका चपलेवर किती येळ बसशीन?"

दुसऱ्या दिवशी कोजागिरी. सकाळपासून घरात लगबग होती. नारायणरावांनी ज्वारीची पाच उंच धाटे कणसांसकट आणून भुलाबाईवर मांडव केला. दूध आटत होते. मंदा माझ्याशी कामापुरतेच बोलत होती, आणि माझी ट्रंक भरलेली होती, कारण दुसऱ्या सकाळची बस ठरली होती.

सूर्य मावळला आणि ज्वारीच्या कणसांवरून चंद्र वर आला. तो चंद्र मी कधी विसरणार नाही. परातीएवढा, केशरी, आणि त्या सपाट मुलखात त्याला अडवायला एक झाडही नव्हते. गाणाऱ्या मुली क्षणभर आपोआप थांबल्या. भुलाबाईची सासरी परत जाण्याची ती संध्याकाळ, म्हणून प्रत्येक घरून खिरापत आली होती. डबे हलले, नावे ओरडली गेली, करंज्या निघाल्या, शेंगदाणे निघाले, एकीच्या डब्यात नुसत्या चिंचा निघाल्या.

सगळ्यांत शेवटी मंदा आतून एक जुना डबा घेऊन आली आणि कमळच्या हाती देऊन म्हणाली, "हलव."

कमळने हलवला. मुली ओरडल्या, "लाह्या! चिवडा! शेवया!"

"नाही."

"फुटाने!"

"नाही. आखीन आयका."

पुन्हा हलवला. या वेळी मी ऐकले. हलकी, कोरडी सळसळ, आणि तिच्यात, अगदी एकदाच, टक्.

मुली थकल्या. "हरलो, हरलो! सांग न वं आजी!"

मंदा माझ्याकडे वळली. दोन दिवसांत तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिले. "पुन्याच्या आजीले विचारा. तिले येते का पाहा."

"चुरमुरे," मी म्हटले. "आणि गुळाचा एकच खडा."

"हाव," मंदा म्हणाली. "बाबाची खिरापत हाय. उघड."

चुरमुरे मुठीमुठीने वाटले गेले. खडा माझ्या मुठीत आला. तो योगायोग होता की मंदाने तसे वाटले, हे मी विचारले नाही. मी तो वर धरला आणि ओरडले. होय, साठी उलटलेली तुमची आजी त्या अंगणात उभी राहून ओरडली, "मला सापडला!"

"मंग तोड न," मंदा म्हणाली.

"तुटत नाहीये गं."

"दातानं तोड."

"दात कुठे आहेत?"

"आन इकडं." तिने तो खडा माझ्या हातून घेतला, उंबऱ्याच्या दगडावर ठेवला आणि वरवंट्याने एक घाव घातला. दोन तुकडे व्हायचे, त्याचे पंधरा झाले. तिने एक कण माझ्या तोंडात घातला, एक स्वतःच्या, आणि बाकीचे मुलींनी उचलले. नारायणराव ओसरीवरून म्हणाले, "मले?" त्यांच्या वाट्याला दगडावरचा भुगा आला.

परत येताना बसमध्ये माझ्याजवळ आठ डाग होते. दोन मिरच्यांचे वाढले होते. चिठ्ठ्या कमळने आदल्या दिवशीच भुलाबाईच्या मांडवाला शोभेसाठी चिकटवून टाकल्या होत्या, त्यामुळे कशात काय आहे ते पाहायला मला दर वेळी उघडावे लागले. पूर्णेचा पूल आला तेव्हा मी मागे वळून निळ्या रेघेला पुन्हा हात जोडले. नांदुऱ्याला त्याच टपरीवर चहा घेतला. खारटच होता, पण पूर्ण प्यायले.

मंदाने मला माफ केले की नाही, ते तिने अजून सांगितलेले नाही. संक्रांतीला ती पुण्याला येणार आहे, एवढे तिने कार्डात लिहिले आहे. तोवर मी दाराची एक कडी काढून टाकली आहे. शेजारच्या दोन मुली संध्याकाळी गणित घेऊन येतात. त्या मला येते त्यापेक्षा चांगले सोडवतात, आणि ते मी त्यांच्या वडिलांना सांगितले आहे. खिडकीशी खुर्ची ओढून मी अजूनही बसते. आता विचार मागे जातो तेव्हा वाटेत अडत नाही.

तुमच्यासाठी एक डबा समुद्रमार्गे पाठवते आहे. परदेशी पार्सलात काय आहे हे टपालाच्या कागदावर लिहावेच लागते, तिथे माझा इलाज नाही. तो कागद तुम्ही शाळेतून यायच्या आत न वाचताच काढून टाकावा, असे तुमच्या आईला वेगळे कळवले आहे. डब्यावर चिठ्ठी नाही. लगेच उघडू नका. शेजारच्या मुलांना बोलवा, डबा हलवा, कान लावा. आत चुरमुरे नाहीत, एवढेच सांगते. तुम्ही बहुधा हराल. मग तो तुमच्या आईच्या हाती द्या. तिच्या लहानपणचा तो आवाज तिने बत्तीस वर्षांत ऐकलेला नाही, पण मला वाटते, ती ओळखेल.